सावली तुझ्याएवढी झाली की

बापू, आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, शेत तू बघणार असं तुझ्या बाबांनी सांगितलं. बरं वाटलं. केळीचं आणि कपाशीचं तुला कृषी सहायक सांगतील, मोबाइलवर सापडेल, शेजारचा बागायतदारही दोन गोष्टी सांगेल. उन्हाचं मात्र इथं कोणी कोणाला सांगत नाही. खान्देशात जन्मला म्हणजे ऊन अंगात मुरलेलंच असणार, असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. म्हणून आज मी फक्त उन्हाबद्दल बोलणार आहे, आणि जरा लांबण लागली तरी ऐकून घे.

पहिली गोष्ट तुझी स्वतःची. तुझं शरीर सध्या पुण्याचं आहे, थंड खोलीत बसून काम केलेलं. उन्हात राबायला शरीराला शिकावं लागतं. घाम लवकर फुटायला हवा, भरपूर यायला हवा, त्यातून मीठ कमी जायला हवं, काळजावर ताण कमी यायला हवा. हे शिकायला शरीर एक ते दोन आठवडे घेतं, आणि ऊन सुटलं की थोड्याच दिवसांत विसरतं. उष्माघातानं कामावर जी माणसं जातात त्यातली बहुतेक पहिल्या काही दिवसांतच जातात, असं डॉक्टर सांगतात, आणि माझ्या डोळ्यांनी मी तेच पाहिलंय. तेव्हा पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाचा पाचवा हिस्सा कर. दुसऱ्या दिवशी दोन हिस्से. असं वाढवत पाचव्या दिवशी पुऱ्या कामावर ये. लोक म्हणतील, शहरातून आला, नाजूक झाला. म्हणू देत.

हाच नियम सालदाराला लाव. आपल्याकडे सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं, म्हणजे नवा माणूस नेमका वर्षातल्या सगळ्यात कडक उन्हात कामाला लागतो. नव्या मालकाला काम दाखवायचं असतं, म्हणून तो जिवावर उदार होऊन राबतो. सातपुड्यातून येणारी पावरा, बारेला कुटुंबं असतील तर ती डोंगरातल्या झाडीच्या हवेतून थेट काळ्या मातीच्या उघड्या शेतात उतरतात. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडून अर्धंच काम घे आणि हे तोंडानं सांग. न सांगितलं तर ते अर्ध्यावर थांबणार नाहीत. जुना माणूस तापातून उठला असेल किंवा आठ-दहा दिवस लग्नाला गावी जाऊन आला असेल, तर त्यालाही नव्यासारखंच धर.

आता वेळेचं सांगते. माझी सासू घड्याळ बघत नसे, सावली बघत असे. आपली सावली आपल्याएवढी झाली की जड काम बंद, असा तिचा दंडक होता. त्यामागचा हिशेब मला फार उशिरा कळला. सावली माणसाएवढी असते तेव्हा सूर्य आकाशात अर्ध्यावर चढलेला असतो. आपल्याकडे मे महिन्यात पावणेसहाच्या सुमारास दिवस उगवतो आणि सव्वानऊच्या आत सावली आपल्याएवढी होते. पुढं ती भराभर आखूड होत जाते. मे सरता सरता, रोहिण्या लागतात त्या दिवसांत, धुळे-जळगावला दुपारी साडेबाराच्या आतबाहेर सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखालीच राहते. म्हणून नांगरटीमागची धसकटं वेचणं, शेणखत पसरणं, केळीचे घड वाहणं, बाजरी कापणं, हे सगळं सावली लांब आहे तोवर उरक. नऊनंतर अकरापर्यंत हलकं काम, तेही झाडाच्या जवळचं. अकराला शेत सोडायचं.

संध्याकाळी मात्र सावलीवर विसंबू नकोस. इथंच पुष्कळ जण फसतात. पावणेचार वाजता सावली पुन्हा माणसाएवढी होते, ऊन कलल्यासारखं वाटतं, आणि लोक कामाला निघतात. पण हवा सगळ्यात जास्त तापते ती तीन-चारच्या सुमाराला, कारण दिवसभर तापलेली जमीन तिला खालून तापवत असते. सूर्याचं घड्याळ वेगळं आणि हवेचं वेगळं. सकाळी सूर्य बघायचा, दुपारनंतर वारा. वाऱ्याची झळ तोंडाला चटका देत असेल तोवर ओसरीवरून उठायचं नाही. मे महिन्यात पाचच्या आधी शेतात पाऊल नको.

हवामान खातं आपल्यासारख्या सपाटीच्या मुलखात कमाल तापमान 45 अंशांवर गेलं की उष्णतेची लाट म्हणतं, आणि 47 वर गेलं की तीव्र लाट. भुसावळ, जळगाव, धुळे ही नावं बऱ्याच उन्हाळ्यांत त्या यादीत असतात. तापीचं हे खोरं समुद्रापासून दूर, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मधे मैलोगणती काळी जमीन. पण एक लक्षात ठेव. तो आकडा सावलीत, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीत मोजलेला असतो. तू उभा असतोस उघड्यावर, काळ्या रानात. माती त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते, आणि वाकून काम करणाऱ्या बाईचं तोंड त्या मातीपासून हातभरच लांब असतं. म्हणून बाईला वाकायचं काम आधी द्यायचं, उभ्यानं करायचं नंतर.

आकडा कमी असला म्हणजे धोका कमी, हेही खरं नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात लोक तासन्‌तास उघड्यावर बसले आणि 14 जणांचा जीव गेला. त्या दिवशी तिथला पारा आपल्या मेच्या पाऱ्यापेक्षा खूप खाली होता. पण हवा दमट होती. घाम आला तरी वाळत नाही तेव्हा अंग निवत नाही. अंग निवतं ते घाम येण्यानं नाही, घाम वाळण्यानं. एवढं कळलं की बाकी सगळं तुला तुझं तुझं उमजेल.

यावरूनच केळीच्या बागेचं बघ. बाहेरून आत शिरलं की गार वाटतं, सावली असते, पायाखाली ओल असते. माणूस निवांतपणे काम ओढत राहतो. पण दाट बागेत वारा हलत नाही, आणि पानांतून, ओल्या जमिनीतून निघणारी वाफ तिथंच कोंडते. झळांपासून बाग वाचावी म्हणून आपण कडेनं शेवरी, गजराज गवत लावतो, ते केळीला चांगलं, पण माणसाचा वारा तेही अडवतं. पील कापणारा, घड काढणारा माणूस बागेत घामानं निथळत असतो आणि त्याला वाटतं, घाम येतोय म्हणजे ठीक आहे. तू त्याला दर अर्ध्या-पाऊण तासानं बांधावर, वाऱ्यावर आण. पाणी पाज, दहा मिनिटं बसव, मग परत आत पाठव. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन जो गाडीपर्यंत जातो त्याला तर आणखी लवकर.

आणि जूनचं विसरू नकोस. मेमध्ये हवा कोरडी असते, घाम कधी आला नि कधी वाळला कळत नाही, अंगावर फक्त मिठाचे पांढरे डाग राहतात. मृगाच्या तोंडावर आभाळ येतं, पारा चार-पाच अंशांनी उतरतो, सगळ्यांना हायसं वाटतं आणि पेरणीची घाई सुटते. उमस असते, वारा पडलेला असतो, आणि घाई असते. तेव्हा विश्रांती कमी करायची नाही, वाढवायची. मेअखेरीला ठिबकवर कपाशी टोबायची आपल्या भागात जुनी हौस आहे. गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटावं म्हणून कृषी विभाग जूनच्या आधी लावू नका म्हणतो. त्यांचं कारण अळीचं आहे. पण माझ्या लेखी बायांचे हात मेच्या तापल्या मातीतून सुटतात, हेही कारण तेवढंच मोठं आहे.

पाण्याचं आता नीट ऐक, कारण ही जबाबदारी पूर्ण मालकाची आहे.

उन्हात राबणाऱ्या माणसाला दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला पाणी लागतं, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. दहा बाया पाच तास कामाला असतील तर चाळीस-पन्नास लिटर झालं. तू वीस लिटरचा एक जार शेतात पाठवून मोकळा झालास तर अर्ध्या बाया तहानलेल्या राहतील, आणि मागायला कोणी येणार नाही. तीन जार पाठव. पाणी कामाच्या जागी पाहिजे, विहिरीवर नाही. पाच मिनिटं चालून जावं लागलं की माणूस म्हणतो, ही ओळ संपवतो मग पितो. जारभोवती गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेव आणि सावलीत, वाऱ्याला ठेव. बोअरचं पाणी पहाटेच भरून घे. ठिबकच्या काळ्या नळीत दुपारी साठलेलं पाणी पोळण्याइतकं तापतं, शिवाय त्यातूनच आपण खत सोडतो, त्यामुळे नळीला तोंड लावायचं नाही हे पोरांना बजाव.

तहान लागण्याची वाट बघायची नाही, हे तू ऐकलं असशील. पण कळायचं कसं? लघवीचा रंग बघायचा. फिकट असली तर ठीक. गडद पिवळी, जळजळ होणारी, दुपारपर्यंत एकदाही न झालेली, म्हणजे पाणी कमी पडलं. असं रोज रोज झालं की मुतखड्याचं दुखणं मागं लागतं, मूत्रपिंडावर ताण येतो.

बायांचं एक गुपित तुला मालक म्हणून माहीत पाहिजे. कोणी पुरुषाला सांगणार नाही म्हणून मी सांगते. बाया मुद्दाम पाणी कमी पितात. शेतात आडोसा नसतो. सकाळी घरून निघताना जे काय होईल ते, मग थेट घरी. उभ्या कपाशीत, केळीत एकवेळ भागतं, पण एप्रिल-मेच्या मोकळ्या रानात बाईनं जायचं कुठं? माहेरी शिंदखेड्याकडे तर नजर जाईल तिथवर उघडी जमीन. साक्रीकडच्या कांदा काढणीत मी पंधरा-पंधरा बाया अशा कोरड्या तोंडानं काम करताना पाहिल्यात. तू बांधाच्या एका कोपऱ्याला चार बांबू रोव, हिरव्या जाळीचा नाहीतर जुन्या साडीचा आडोसा कर आणि आत पाण्याचं डबडं ठेव. तीनशे जार पाठवलेस तरी या आडोशाशिवाय ते पाणी पोटात जाणार नाही.

पाण्यासोबत मीठ पाहिजे. नुसतं पाणी ढोसत राहिलं आणि घामातून मीठ जात राहिलं तर पोटऱ्यांत गोळे येतात, मळमळतं, डोकं हलकं होतं. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-साखर-मिठाचं पाणी, कळण्याच्या भाकरीबरोबर कांदा आणि ठेचा, एवढ्यात काम भागतं. न्याहारी केल्याशिवाय कोणी शेतात जायचं नाही. ओआरएसच्या पुड्या घरात असू देत, एक पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण, अर्धी करायची नाही. पुडी नसली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं जास्त टाकलं तर उलटी होते. तुझ्या बाबांना रक्तदाबाची गोळी आहे. अशा काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, तर उन्हाळ्यात डोस तोच ठेवायचा का हे डॉक्टरांना विचारून घे. आपल्या मनानं बंद करायची नाही.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं तुला दहा जण सांगतील. माझ्याही सासऱ्यांच्या खिशात असायचा. कांदा खाल्लास तर पोटात काहीतरी जाईल. खिशातला कांदा अंगाचा एक कण थंड करत नाही. उलट तो आहे म्हणून माणूस अर्धा तास जास्त उन्हात थांबतो. उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये, हेही असंच. घटाघटा दोन तांबे बर्फाचं पाणी प्यायलं तर पोटात कळ येईल, ते खरं. पण तापून आलेल्या माणसाला पाणी नाकारू नकोस. माठातलं दे, घोट घोट दे, पण लगेच दे.

कपड्यांचं थोडक्यात सांगते. सुती, सैल, फिकट आणि अंगभर. आपल्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालतात, तो बरोबरच आहे. रुमाल डोक्याला बांधतोस तो दर तासाला ओला करून मानेवरून सोड. बनियनवर काम करणं थंड वाटतं, पण उघडी कातडी उन्हानं तापते.

फवारणीचा विषय पावसाळ्याचा आणि ऑक्टोबरच्या उन्हाचा, पण उष्णतेशी त्याचा जवळचा संबंध आहे. उकडतं म्हणून माणूस तोंडावरचं फडकं काढतो, हातमोजे काढतो, आणि घामानं भिजलेल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कितीतरी शेतकरी-मजुरांचे जीव गेले आणि शेकडो जण दवाखान्यात पडले. फवारणी सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वाऱ्याकडे पाठ करून. दुपारी नाही म्हणजे नाही.

बापू, आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ऊन लागून माणूस पडतो तेव्हा लोक म्हणतात, त्यानं काळजी घेतली नाही. मी म्हणते, त्याला थांबायची मुभा होती का ते आधी विचारा. रोजानं लावलेली बाई सावलीत बसली की मुकादम बघतो. उक्त्यानं घेतलेल्या कामात तर बसलेला प्रत्येक क्षण तिच्या पदरातून जातो. केळीची गाडी भरायची असली की ठोक रक्कम ठरलेली असते, जितक्या लवकर भरेल तितक्या लवकर दुसरी गाडी. पोट भरायचं असेल तर माणूस थांबणार नाही. त्याला शहाणपण शिकवून उपयोग नाही, कामाची मांडणी तुलाच बदलावी लागेल.

म्हणून एप्रिल ते जून उक्तं काम देताना त्यात विश्रांती धरूनच भाव ठरव. रोजाच्या कामाला सहा ते अकरा अशी पाळी ठेव आणि रोज पूर्ण दे. पाच तासांत सकाळच्या गारव्यात जे काम होतं ते दुपारी सात तासांत होत नाही, त्यामुळे यात तुझं नुकसान नाही. असतं तरीही मी हेच सांगितलं असतं. दर अर्ध्या तासाला सगळ्यांनी एकदम थांबायचं, एकेकट्यानं नाही, म्हणजे कोणाला कामचुकार म्हटलं जात नाही. टोळीतल्या म्होरक्या बाईला सांगून ठेव की कोणालाही चक्कर वाटली तर काम थांबवायचा हक्क तुझा, मला फोन करायची गरज नाही, रोज कापला जाणार नाही. हे सगळ्यांसमोर सांग.

1972 च्या दुष्काळात मी नुकतीच लग्न होऊन आले होते. दुष्काळी कामावर आम्ही खडी फोडली, पाझर तलावाची माती वाहिली. अंगावर पिणारी पोरं बैलगाडीखाली, झोळीत. सावली म्हणजे तेवढीच. पुढं त्याच कामांतून महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, आणि 2005 च्या देशभरच्या कायद्यात कामावर प्यायचं पाणी, मुलांना सावली, विश्रांतीची जागा, औषधाची पेटी आणि सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर त्यांना बघायला एक बाई, असं लिहिलं गेलं. सरकारी कामावर जे असायला हवं असं कायदा म्हणाला, ते आपल्या बांधावर कमी का असावं? लेकुरवाळी बाई कामाला आली तर तिच्या मुलाजवळ एका म्हातारीला बसव आणि तिलाही रोज दे. गरोदर बाईला एप्रिल-मेमध्ये उघड्यावरचं काम देऊच नकोस. काम पाहिजेच असेल तर घरी बी निवडायला बोलाव.

झोपेकडेही लक्ष दे. ऊन दिवसा लागतं, पण त्याची तयारी रात्री होते. शेतीची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की सालदार मध्यरात्री मोटर चालू करायला जातो, पाणी बदलत पहाट करतो, आणि सहाला पुन्हा कामावर. अशा माणसाला ऊन सगळ्यात आधी धरतं. रात्रीचं पाणी भरलं असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला सुट्टी. रात्री बांधावर जाताना बूट आणि बॅटरी हवीच, उन्हाळ्यात घोणस, मण्यार गारव्याला ओल्या बागेत येतात. सालदाराला शेतात पत्र्याची खोली देतात, ती रात्री बारापर्यंत भट्टी असते. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा किंवा केळीच्या वाळल्या पानांचा जाड थर टाक, पण चूल त्याच्यापासून लांब ठेव. आपलं जुनं धाब्याचं घर पाडायचा विचार तुझ्या बाबांच्या डोक्यात आहे, तो तू काढ. दरवर्षी छतावर खारी माती टाकावी लागते हा त्रास आहे खरा, पण त्या मातीच्या थराखाली दुपारी जी झोप लागते ती सिमेंटच्या स्लॅबखाली लागत नाही. कूलर मेमध्ये छान चालतो, जूनच्या उमसेत तो खोली आणखी दमट करतो, तेव्हा खिडक्या उघड. लग्नसराईत जागरण आणि दारू झालेला माणूस दुसऱ्या दिवशी उन्हात नको.

गुरांचं तुला कळेलच. म्हशीला घाम फार कमी येतो, तिला दुपारी दोनदा पाण्यानं धू. बैल तोंड उघडून धापा टाकू लागला, लाळ गळू लागली की जू उतरवायचं, तास अर्धा राहिला तरी.

आता शेवटचं, ऊन लागल्याच्या खुणांचं, आणि हे पाठ कर. पोटऱ्यांत गोळे, डोकं दुखणं, मळमळ, खूप थकवा, हे पहिलं. अशा माणसाला सावलीत आडवं कर, पाय जरा उंच, कपडे सैल, ओआरएस घोट घोट. अर्ध्या तासात बरं वाटलं तरी त्या दिवशी परत काम नाही. तासाभरात बरं वाटलं नाही किंवा उलट्या थांबेनात तर दवाखाना.

दुसरं म्हणजे डोक्यावर परिणाम. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, झटका येतो, बेशुद्ध पडतो. शंका आली की त्याला विचार, आज कुठला वार, आपण कुठल्या शेतात आहोत. उत्तर चुकलं किंवा उशिरा आलं तर तो उष्माघात समज. अंग कोरडं पडेल तेव्हाच उष्माघात, असं जुने लोक म्हणतात. घरात बसलेल्या म्हाताऱ्यांचं तसं होतं. राबणारा माणूस घामानं डबडबलेला असतानाही उष्माघातानं जातो. घाम थांबायची वाट बघू नकोस.

मग काय करायचं? एकानं लगेच 108 ला फोन. बाकीच्यांनी त्याच क्षणी अंग थंड करायला लागायचं. गाडी येईपर्यंत थांबायचं नाही, कारण त्या अर्ध्या तासात मेंदू, मूत्रपिंड शिजतात. सावलीत ने, बाहेरचे कपडे काढ, बादल्यांनी पाणी ओत आणि पाणी ओतता ओतता वारा घाल. मोटर चालू असेल तर आधीचं तापलेलं पाणी वाहून जाऊ दे, मग धार अंगावर धर. जवळ हौद असेल तर त्यात मानेपर्यंत बसव, पण दोघांनी काखेतून धरून, डोकं वर. बर्फ असेल तर मान, काख, जांघ. पडलेली बाई असेल तर कपडे काढायला लोक लाजतात आणि वेळ जातो. चार बायांनी साडीचा पडदा धरावा आणि पाचवीनं पाणी ओतावं, हे टोळीला आधीच सांगून ठेव. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही, ते छातीत जातं. तापाची गोळी द्यायची नाही, हा तो ताप नव्हे. उतारा, नजर काढणं, तळव्याला कांदा चोळणं, यांत एक मिनिटही घालवायचं नाही. उलटी होत असेल तर कुशीवर वळव. गाडीत घातल्यावरही ओलं फडकं आणि वारा चालूच.

आणि एक व्यवस्था आजच करून ठेव. 108 वाल्याला आपली शेतांची नावं कळत नाहीत. नदीकाठचं, गाडवाटेचं, मोठ्या निंबाचं, ही नावं आपल्यापुरती. प्रत्येक शेताजवळचा पक्का रस्ता कोणता, फाटा कोणता, जवळची खूण कोणती, हे मोठ्या अक्षरात लिहून मोटरीच्या खोलीत आणि सालदाराच्या दारावर लाव, खाली तुझा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर. सालदाराला वाचता येत नसेल तर त्याच्याकडून पाठ म्हणून घे. फोन केला की एक पोरगा मोटारसायकलवर फाट्यावर जाऊन उभा राहील, तो कोण हेही ठरव. तू स्वतः एकटा शेतात निघालास तर कुठल्या शेतात आणि किती वाजता परत, हे मला किंवा तुझ्या आईला सांगून जा. अकराला आला नाहीस तर सव्वाअकराला मी माणूस पाठवणार.